पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय आणि बाळ पूर्ण अंगावर पितंय, कसं जमवायचं?

नाशिकची_लेकुरवाळी

नमस्कार सगळ्यांना, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे, पूर्ण अंगावर पितो, वरचं काही म्हणजे काहीच नाही, बाटली तोंडात घातली की जिभेने बाहेर ढकलतो आणि मग असा भोकाड पसरतो की शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात काय झालं. डिलिव्हरी नॉर्मल, माहेरी झाली, आईने अगदी साग्रसंगीत बाळंतपण केलं, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीवाची खीर, भातावर तुपाची धार. साधारण दोन महिन्यांनी एका रात्री उजवीकडे बरगडीखाली दुखायला लागलं आणि ते मागे पाठीत जायचं, उलट्या पण झाल्या. घरात सगळे म्हणाले वात आहे, बाळंतिणीला होतंच, ओवा-बाळंतशेप खा, शेकून घे. सकाळी बरं वाटलं म्हणून विसरून गेले. मग परत तसंच झालं, आणि शेवटचं इतकं जोरात की रात्री ॲडमिट व्हावं लागलं, सोनोग्राफीत पित्ताशयात भरपूर बारीक खडे निघाले. लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, नळीत खडा नाही म्हणाले. सर्जन म्हणतात पित्ताशयच काढायचं, दुर्बिणीतून, दोन दिवसांत घरी.

इथपर्यंत ठीक. पण मी पाजण्याचं विचारलं तर फाइलवर सही करता करता म्हणाले ४८ तास पाजू नका, आत्तापासून वरचं सुरू करा. बस. बाहेर आल्यावर मी रडलेच. सासूबाई म्हणतात भुलीचं दूध बाळाच्या अंगात जातं, दोन दिवस गाईचं दूध पाणी घालून देऊ, आमच्या वेळी दिलंच की. आई म्हणते दोन दिवस पाजलं नाही तर दूधच आटेल. मिस्टर सातपूरला कंपनीत, शिफ्टची नोकरी, सुट्टी मिळेल पण जास्त नाही. खरंच ४८ तास लागतात का, तेवढं दूध साठवायचं तर किती आणि कसं, बाळाला हॉस्पिटलमध्ये ठेवू देतात का, नंतर त्याला उचलायचं कसं (साडेसहा किलोचा आहे), आणि उष्टावण होऊन तो थोडं वरचं खायला लागेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं तर चालेल का? कोणी यातून गेलंय का प्लीज सांगा.

---

कोथरूडची

अगं मी गेलेय यातून, अगदी हेच ऑपरेशन, मुलगी तेव्हा तुझ्या बाळापेक्षा थोडी लहानच होती. आधी एक सांगते, डिंकाच्या लाडवांचा यात हात आहे पण खडे लाडवांनी होत नाहीत. प्रेग्नन्सीत हार्मोन्समुळे पित्ताशय सुस्तावतं, पित्त साचून राहतं, खडे तेव्हाच धरायला लागतात. मग बाळंतपणात तूप-खोबरं-डिंक पोटात गेलं की ते पिळवटायला लागतं आणि कळ येते. त्यामुळे आईवर रागावू नकोस, माझी आई अजून स्वतःला दोष देते.

आता कामाचं. हॉस्पिटल ठरवताना मी पहिला प्रश्न विचारला होता की बाळ खोलीत राहील का, कारण जनरल वॉर्डमध्ये तान्ह्या बाळाला बऱ्याच ठिकाणी येऊ देत नाहीत आणि आणूही नये, शेजारच्या कॉटवर कोण काय घेऊन आलंय माहीत नसतं. सेपरेट रूमचे पैसे जास्त गेले पण आई आणि मुलगी दोघी तिथेच होत्या. ओटीत न्यायला वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात आला तेव्हा मी पाजतच होते, त्याला म्हटलं दादा पाच मिनिटं थांबा. दोन्हीकडचं रिकामं करून गेले. परत खोलीत येईपर्यंत साधारण तीन-चार तास गेले असतील, त्यात प्रत्यक्ष ऑपरेशन तासाभराचंच असतं, बाकी वेळ आधीची तयारी आणि नंतर रिकव्हरीत. मध्ये आईने तिला साठवलेलं दूध दिलं. संध्याकाळी नीट जाग आल्यावर मी पाजलं, भूलतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवलं होतं, ते हो म्हणाले होते.

आडवं कुशीवर झोपून पाज, पोटाला उशी लाव म्हणजे बाळाची लाथ बेंबीजवळच्या टाक्यावर बसणार नाही. साडेचार महिन्यांची पोरं लाथा काय मारतात! दुसरी पद्धत म्हणजे बाळाचं अंग आपल्या काखेखाली, पाय मागे, डोकं हातात. ही मला पहिल्या दिवसापासून जमली कारण पोटावर काहीच वजन येत नाही. आणि हो, उजवा खांदा दुखेल, घाबरू नकोस, पोट फुगवायला गॅस भरतात त्याने होतं, टाक्यांपेक्षा मला खांद्यानेच जास्त सतावलं. थोडं थोडं चाललीस की कमी होतं.

---

बाबूराव_वाई

ताई ऑपरेशनची घाई करू नका. माझ्या मेव्हणीचा खडा पानफुटीचा रस घेऊन पडला, एक रुपया खर्च नाही. डॉक्टर लोक कापायलाच बसलेत.

---

कोथरूडची

दादा, तुमच्या मेव्हणीचा मूतखडा असणार, तो लघवीवाटे पडायला वाट असते. पित्ताशयातला खडा "पडला" तर तो पित्तनलिकेत जाऊन अडकतो, मग कावीळ नाहीतर स्वादुपिंडाला सूज. खडा पडावा अशी इथे कोणाचीच इच्छा नसते. पाजणाऱ्या बाईला कुठलाही पाला वाटून द्यायचा सल्ला तर नकोच.

---

मिरजेकर_भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे. तुमचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच, पण ४८ तासांचं वाचून राहवलं नाही. हा प्रश्न सर्जनचा नाहीच मुळी. भूल कोण देणार त्यांना भेटा, ऑपरेशनआधी फिटनेससाठी त्यांची तपासणी असतेच, तिथे सगळ्यात आधी सांगा की मी पाजते, बाळ इतक्या महिन्यांचं आहे, बाटली घेत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घ्या. बहुतेक वेळा ही गोष्ट आमच्यापर्यंत पोचतच नाही, पेशंट ओटीत आल्यावर ब्लाउज ओला दिसतो तेव्हा कळतं!

२४ तास, ४८ तास दूध काढून फेकून द्या हा जुना सल्ला आहे. इंग्लंडच्या भूलतज्ज्ञांच्या असोसिएशनने २०२० साली स्पष्ट लिहिलंय की आई पूर्ण शुद्धीवर आली आणि बाळाला धरू शकली की पाजायला हरकत नाही, दूध फेकायची गरज नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या सोसायटीचंही तेच म्हणणं आहे. कारण सोपं आहे, औषध दुधात येतं ते रक्तातून. प्रोपोफॉलने तुम्हाला झोपवतात, ते मिनिटांत मेंदूतून उतरतं म्हणूनच तर जाग येते. सेव्होफ्लुरेनसारखा गॅस श्वासावाटे बाहेर जातो. स्नायू ढिले करायची औषधं दुधात जवळजवळ उतरत नाहीत, आणि जी थोडी उतरली ती बाळाच्या पोटातून शोषली जात नाहीत. वेदना कमी करायच्या फेंटानिलचे एकदोन डोस, उलटी थांबवायचं ओंडांसेट्रॉन, ॲसिडिटीचं पँटोप्राझोल, नेहमीची अँटिबायोटिक्स यातलं काहीही पाजणं बंद करायला लावणारं नाही. अँटिबायोटिकने बाळाला थोडी पातळ शी होऊ शकते, एवढंच.

खरं लक्ष द्यायचं ते नंतरच्या वेदनाशामकांकडे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक चालतात आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुतेकांना तेवढं पुरतं, शिवाय सर्जन टाक्यांच्या जागी बधिर करायचं इंजेक्शन देऊ शकतात, ते मागून घ्या. आपल्याकडे मात्र सवयीने ट्रामाडॉल लिहिलं जातं, सलाइनमधून पण देतात आणि डिस्चार्जच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर एकत्र पण असतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये पाजणाऱ्या आयांना ट्रामाडॉल आणि कोडीन नको असं सांगितलंय, कारण काही बायकांच्या शरीरात या औषधांचं रूपांतर फार वेगाने होतं आणि दुधातून बाळाला जास्त मात्रा जाऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणून आधीच सांगून ठेवा की दुसरं काही द्या. चुकून एखादा डोस गेलाच तर आकाशपाताळ एक करू नका, भूलतज्ज्ञांना कळवा आणि बाळाकडे बघा. नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, उठवून पीत नाही, अंग ढिलं पडलंय, श्वास वेगळा वाटतोय, असं काही दिसलं तर ताबडतोब बालरोगतज्ज्ञ.

हे सगळं दिवस भरून जन्मलेल्या, तब्येतीने ठीक बाळाबद्दल आहे. बाळ कमी दिवसांचं असेल, नुकतंच जन्मलेलं असेल किंवा श्वासाचा काही त्रास असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.

उपासाचं पण विचारा. जेवण सहा तास आधी बंद (तुपकट असेल तर आठ), पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. कित्येक ठिकाणी रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद करतात आणि नंबर लागतो दुपारी दोनला. पाजणाऱ्या बाईने असं कोरडं बसू नये, चक्कर येते. सकाळचा पहिला नंबर मागा. डायबेटिसवाल्यांना देतात, तुम्हालाही द्यायला हरकत नाही.

पुढे ढकलण्याबद्दल. कळ एकदा आली की परत येण्याची शक्यता बरीच असते आणि तुमचे खडे बारीक आहेत, बारीक खडेच नळीत घसरतात. मग रात्री इमर्जन्सीत, ताप आणि काविळीसकट, आधी दुर्बीण घशातून घालून नळीतला खडा काढायचा आणि मग ऑपरेशन, त्यात ॲडमिशन लांबतं आणि बाळाची कसलीच सोय केलेली नसते. दोन कळांच्या मध्ये, तब्येत चांगली असताना, ठरवून केलेलं बरं. डोळे पिवळे दिसले, थंडी वाजून ताप आला, कळ काही तासांत थांबली नाही तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट बघत बसू नका.

---

लेस्टरवाली

मी मूळची अकोल्याची, आता इकडे इंग्लंडमध्ये. माझं अपेंडिक्स झालं होतं, पोरगा सात महिन्यांचा. इकडे तर रिकव्हरीतल्या नर्सनेच विचारलं बाळ कुठाय, बोलवा त्याला, छाती भरली असेल ना. मला वाटलं गंमत करते! वऱ्हाडातून आई फोनवर ओरडत होती की पाजू नको पाजू नको, आणि इकडे नर्स म्हणे आत्ताच पाज. वरच्या डॉक्टर मॅडम म्हणतात ते बरोबर आहे. एकच गोष्ट सांगते, पहिल्या रात्री बाळाला कुशीत घेऊन झोपायचं नाही असं मला बजावून सांगितलं होतं. पाजून झालं की दुसऱ्याकडे द्यायचं. गुंगी उतरली असं आपल्याला वाटतं पण रात्री दोनला पाजता पाजता डोळा लागतो तो वेगळाच लागतो.

---

नाशिकची_लेकुरवाळी

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री सगळं मिस्टरांना वाचून दाखवलं. भूलवाल्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. दूध साठवायचं मात्र अजून कळत नाहीये, हँडपंप आणलाय पण अर्धा तास बसून जेमतेम तळाला येतं, मग वाटतं मला दूधच नाहीये. आणि बाटलीचं काय करू, मेल्याला चालत नाही. घरात फ्रीज सिंगल डोअरचा आहे, वरती बर्फाचा छोटा कप्पा, त्यात टिकेल का? तुपाचं पण सांगा, आई म्हणते तूप बंद केलंस तर दूध कशाचं येणार.

---

कोथरूडची

पंपात येतं त्यावरून दूध मोजू नकोस, बाळ ओढतं तसं पंप कधीच ओढत नाही. पहाटे जास्त येतं. एका बाजूला बाळ आणि दुसऱ्या बाजूला पंप असं लाव, पान्हा बाळामुळे फुटतो आणि पंपाचं आयतं काम होतं. आधी गरम पाण्याच्या फडक्याने शेक. मला तर पंपापेक्षा हाताने पिळूनच बरं यायचं.

किती लागेल याचा साधा हिशोब असा, या वयाचं बाळ दिवसभरात साधारण पाऊण लिटर पितं, म्हणजे तासाला तीस एमएल धर. तू चार-पाच तास नसशील तर दीडशे एमएल, वरती सांडणं-उशीर होणं धरून तीनशे ठेव. झालं. ४८ तासांचा दीड लिटर साठा करायचा या टेन्शननेच निम्म्या बायका वरचं सुरू करतात.

फ्रीजच्या आत, मागच्या बाजूला, चार दिवस टिकतं. दारात ठेवू नकोस. तुझ्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांच्या आत संपव, वेगळ्या दाराचा डीप फ्रीजर असता तर सहा महिने. बाहेर पंचवीस डिग्रीपर्यंत चार तास, पण नाशिकचा उन्हाळा आणि लाइट जाणं बघता तू बाहेरचं विसरच. पन्नास-साठ एमएलचे छोटे भाग कर, तारीख टाक. वितळवायचं ते खालच्या कप्प्यात रात्रभर नाहीतर कोमट पाण्याच्या वाटीत, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, परत गोठवायचं नाही. आणि एक भाग आधीच वितळवून पाजून बघ, काहींच्या दुधाला नंतर साबणासारखा वास येतो, खराब नसतं ते पण बाळ तोंड फिरवतं. ऑपरेशनच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

सासूबाईंना सांग, गाईचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको आणि पाणी घालून तर अजिबात नको. लागलंच तर बालरोगतज्ज्ञांना विचारून फॉर्म्युला, डब्यावर लिहिलंय तितकंच पाणी घालून. एखाद्या वेळी दिलं तर तुझं पाजणं काही संपत नाही.

तुपाचं: ऑपरेशनपर्यंत तळकट, तूप, खोबरं, शेंगदाण्याचं कूट कमी कर, पण उपाशी राहू नकोस, झपाट्याने वजन उतरलं की खडे वाढतातच. दूध तुपाने येत नाही गं, बाळ जितकं ओढेल तितकं येतं. ज्वारीची भाकरी, मूगडाळ, दूधी, फळं, साय काढलेलं दूध-ताक, मजेत चालतं. पित्ताशय गेल्यावर हळूहळू सगळं खाता येतं, पित्त लिव्हर बनवतं, ही नुसती साठवायची थैली. मी आता पुरणपोळीवर तूप घेतेच. पहिले काही आठवडे तेलकट खाल्लं की पळावं लागायचं, ते सोडलं तर काही नाही.

---

इचलकरंजीच्या_आजी

बाळा बाटली कशाला हवी. बोंडलं आण, म्हणजे चोचीचं छोटं भांडं. भांड्यांच्या दुकानात मिळतं, स्टीलचं नाहीतर चांदीचं. आमच्या घरातली चार पोरं बोंडल्यावर वाढली. बोंडलं नाही मिळालं तर वाटी आणि छोटा चमचा. उकळून घ्यायचं दर वेळी. बाळाला मांडीवर जरा बसतं धरायचं, आडवं नाही, ठसका लागतो. टोक ओठाच्या कोपऱ्याला टेकवायचं आणि त्याचं त्याला पिऊ द्यायचं, ओतायचं नाही. पहिल्या दिवशी निम्मं गळ्यावर जाईल. जाऊ दे.

आणि तू देऊ नको. तुझ्या अंगाचा वास आला की ते दुसरं काही घेणार नाही. तू दुसऱ्या खोलीत जा, नाहीतर भाजी आणायला जा, आणि सासूबाईंना देऊ दे. अगदी कडाडून भूक लागायच्या आधी द्यायचं, भुकेनं रडायला लागलेलं पोर नवीन काही शिकत नाही. रोज एकदा असं करा ऑपरेशनपर्यंत. तुझी वापरलेली सुती साडी किंवा ओढणी त्यांच्या खांद्यावर टाक.

दूध आटत नाही एवढ्यानं. माझ्या धाकट्या जावेला टायफॉइड होता, कितीतरी दिवस नीट पाजणं झालं नाही, परत आलं तिला. आईला सांग आजीनं सांगितलंय. सासूबाईंना पण काम दे, नुसतं नाही नाही म्हणत राहिलीस तर त्या गाईच्या दुधावरच अडून बसतील.

---

रात्रपाळीवाला_चाकण

वहिनी, मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो कारण इथे तो भाग कोणी लिहीत नाही. आमच्याकडे बायकोचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा बाळ सहा महिन्यांचं. ऑपरेशनच्या दिवशी सगळे हजर असतात हो, सुट्टी तिथे वाया घालवू नका. तुमच्या मिस्टरांना सांगा घरी आल्यानंतरच्या दिवसांची सुट्टी टाका, आणि त्यातही रात्रीची ड्युटी. दिवसा आई-सासू असतात, रात्री दोन वाजता पाळण्यातून उचलून द्यायला कोण? आम्हाला डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि खाली वाकून पाळण्यातून उचलणं हे सगळ्यात वाईट, पोटावर ताण तिथेच येतो. मी उचलून बायकोच्या कुशीत द्यायचो, पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं माझ्याकडे. गादी जमिनीवर असेल तर पलंगावर घ्या, खालून उठताना फार त्रास होतो. आंघोळ घालणाऱ्या मावशी असतील तर त्यांना बंद करू नका, उलट थोडे जास्त दिवस बोलवा.

मेडिक्लेमचं पण आधी बघा, पॉलिसी नवीन असेल तर खड्यांच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींमध्ये वेटिंग पिरियड असतो. कॅशलेस होईल म्हणून बसायचं आणि डिस्चार्जच्या दिवशी नाही म्हणतात, तोवर बाळ तिथे रडतंय.

---

मिरजेकर_भूलवाली

आजींचं आणि चाकणवाल्या दादांचं दोन्ही पटलं. दोन गोष्टी राहिल्या होत्या. ऑपरेशनला उशीर झाला किंवा नंतर उलट्या होत राहिल्या आणि पाजता आलं नाही तर छाती दगडासारखी होऊ देऊ नका, नर्सना सांगून पंप करा किंवा आईकडून पिळून घ्या, नाहीतर गाठी होऊन ताप येतो आणि मग तो ताप टाक्यांचा की छातीचा हे शोधत बसावं लागतं. पंप बॅगेत वरती ठेवा. दुसरं, आधी सर्दी झाली तर मनाने सर्दीच्या गोळ्या घेऊ नका, त्यातल्या स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होऊ शकतं, आणि सर्दी-खोकला असल्याचं आम्हालाही कळायला हवं, भूल पुढे ढकलावी लागू शकते.

---

नाशिकची_लेकुरवाळी

झालं ऑपरेशन! घरी आलेय, आडवी पडून एका हाताने टाइप करतेय त्यामुळे चुका असतील. भूलवाल्या मॅडम इतक्या चांगल्या होत्या, मी घाबरत घाबरत विचारलं तर म्हणाल्या ४८ तास कोणी सांगितलं, आणि त्यांनीच सर्जनशी बोलून घेतलं. सर्जन मला नंतर म्हणाले "मॅडमनी सांगितलंय ना, मग पाजा." एवढंच. म्हणजे त्यांचं काही म्हणणंच नव्हतं, कोणीतरी विचारायची खोटी होती!

पहिला नंबर मिळाला. सासूबाईंनी बोंडल्याने पाजलं, आदल्या आठवड्यात रोज प्रॅक्टिस केली होती, सुरुवातीला सगळं बंडीवर आणि मग एके दिवशी गटागट प्यायला, त्या दिवसापासून गाईच्या दुधाचं नाव नाही, उलट आल्यागेल्याला सांगतायत माझ्या हातून पितो म्हणून. दुपारी खोलीत आणलं मला, थोडी गुंगी होती, तासाभराने पाजलं, मिस्टर बाजूला धरून बसले होते. बाळ नेहमीसारखाच, जास्त झोपला वगैरे काही नाही. डिस्चार्ज पेपरवर ट्रामाडॉलवालीच गोळी लिहिली होती, मिस्टरांनी मेडिकलमधून परत जाऊन बदलून आणली, नुसतं पॅरासिटामॉल आणि गरज पडली तर आयबुप्रोफेन. खांदा खरंच दुखला, कोथरूडच्या ताई तुमची आठवण आली.

एकच विचारायचं होतं, काल रात्री पाजताना त्याने बेंबीजवळ लाथ मारली, पट्टीवर थोडंसं लालसर पाणी दिसतंय. ताप नाही, दुखणं वाढलेलं नाही. उद्यापर्यंत थांबू का?

---

मिरजेकर_भूलवाली

थोडं लालसर पाणी पहिल्या काही दिवसांत येऊ शकतं, पण पट्टीचा फोटो काढून आत्ताच सर्जनच्या नंबरवर पाठवा, डिस्चार्ज कार्डावर असतो. पट्टी पूर्ण भिजत असेल, पू किंवा वास येत असेल, आजूबाजूला लाल-गरम झालं असेल, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट न बघता जा. पाजणं यातल्या कशासाठीही थांबवायचं कारण नाही.

---

कोथरूडची

आणि पाजताना उशी पोटावर, विसरलीस ना! अजून एक, काढलेलं पित्ताशय तपासायला पाठवतात, त्याचा बायोप्सी रिपोर्ट काही दिवसांनी येतो आणि कोणी फोन करून सांगत नाही. टाके दाखवायला जाशील तेव्हा मागून घे आणि फाइलला लाव.